खुर्ची मिळाली, समता मिळाली का? : न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय प्रेसबिटेरियन पाळकांचा इतिहास

आपल्या समाजातला एखादा माणूस न्यायाधीश झाला, कुलगुरू झाला, मंत्री झाला की प्रस्थापितांकडून एक प्रश्न हमखास येतो. "आता अजून काय पाहिजे तुम्हाला? जात राहिली कुठे?" हा प्रश्न विचारणाऱ्यांना वाटते की खुर्ची दिली म्हणजे हिशोब मिटला. दुःखाची गोष्ट अशी की आपल्यातलेही काही शिकलेले लोक आता हेच बोलू लागले आहेत.

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे आणि ते फक्त आपल्या इतिहासात नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत काळ्या समाजातले काही लोक गोऱ्यांच्या एका प्रतिष्ठित चर्चमध्ये पाळक झाले. त्यांच्यातला एक तर गोऱ्या धर्मगुरूंच्या प्रादेशिक सभेचा अध्यक्ष झाला. त्याला खुर्ची मिळाली. पुढे काय झाले, हे प्रत्येक आंबेडकरी कार्यकर्त्याने समजून घेतले पाहिजे.

लोकशाहीचा अभिमान असलेले चर्च

आधी प्रेसबिटेरियन म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. हा प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ मुख्यतः स्कॉटलंडमध्ये वाढला. या पंथात बिशप नसतो. प्रत्येक मंडळी आपले वडीलजन निवडते. एका भागातल्या मंडळ्यांचे पाळक आणि वडीलजन एकत्र येऊन जी प्रादेशिक सभा बनते तिला प्रेसबिटरी म्हणतात. तिच्या वर सिनड आणि सर्वात वर जनरल असेंब्ली. पाळकाला दीक्षा देणे, त्याची चौकशी करणे, त्याला काढून टाकणे हे सारे अधिकार प्रेसबिटरीचे. तिचा अध्यक्ष म्हणजे मॉडरेटर, आणि तोही मतदानाने निवडला जातो.

म्हणजे कागदावर बघितले तर हे चर्च लोकशाहीवादी. पुरोहिताची वंशपरंपरा नाही, जन्माने अधिकार नाही. शिवाय पाळक शिकलेला असलाच पाहिजे, त्याला ग्रीक आणि हिब्रू आली पाहिजे, असा या पंथाचा आग्रह. जन्मापेक्षा विद्येला मान देणारी व्यवस्था! आपल्याला हे ऐकून बरे वाटेल. पण विषमता कुठे लपते हे बघायचे असेल तर अशाच सुंदर घटनेच्या आत डोकावावे लागते.

दोन पाळक, एक वृत्तपत्र आणि एक लाथ

सॅम्युएल कॉर्निश हा डेलावेअरमध्ये स्वतंत्र काळ्या कुटुंबात जन्मलेला माणूस. न्यूयॉर्कमध्ये त्याने काळ्या लोकांची पहिली प्रेसबिटेरियन मंडळी उभी केली आणि १८२२ मध्ये त्याला दीक्षा मिळाली. पण कॉर्निशचे नाव इतिहासात राहिले ते दुसऱ्या कामामुळे. १६ मार्च १८२७ रोजी त्याने जॉन रसवर्म या तरुणाबरोबर 'फ्रीडम्स जर्नल' हे साप्ताहिक काढले. काळ्या लोकांनी स्वतः चालवलेले ते अमेरिकेतले पहिले वृत्तपत्र. पहिल्याच अंकात त्यांनी आपली भूमिका मांडली. आमच्या वतीने दुसरे लोक फार काळ बोलले, आता आमची बाजू आम्हीच मांडणार, असा तिचा आशय होता. वाचकहो, ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला त्यामागे हीच गरज नव्हती का?

कॉर्निशच्या लेखणीचे एक मोठे लक्ष्य होते अमेरिकन कॉलनायझेशन सोसायटी. ही संस्था १८१६ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या मुळाशी होता रॉबर्ट फिनली हा गोरा प्रेसबिटेरियन पाळक. योजना काय? स्वतंत्र झालेल्या काळ्या लोकांना आफ्रिकेत पाठवून द्यायचे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी अमेरिकेची शेती कसली, घरे बांधली, त्यांनाच सांगायचे की हा देश तुमचा नाही. आणि हे सगळे दयेच्या भाषेत! रसवर्म स्वतः पुढे या योजनेकडे वळला आणि लायबेरियाला निघून गेला. कॉर्निश मात्र हटला नाही. त्याने पुन्हा स्वतःचे पत्र काढले, पुढे 'कलर्ड अमेरिकन'चे संपादन केले, आणि १८४० मध्ये या योजनेची चिरफाड करणारी पुस्तिका लिहिली.

या पुस्तिकेत त्याचा सहलेखक होता थिओडोर राइट. प्रिन्स्टनच्या प्रेसबिटेरियन धर्मविद्यालयातून १८२८ मध्ये बाहेर पडलेला हा पहिला काळा पदवीधर. कॉर्निशनंतर त्याच्या मंडळीचा पाळक राइट झाला आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे १८४७ पर्यंत राहिला. गुलामगिरीतून पळून आलेल्यांना पकडून नेणाऱ्या टोळ्या तेव्हा न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर फिरत. त्यांच्याविरुद्ध १८३५ मध्ये जी दक्षता समिती उभी राहिली तिच्यात राइट पुढे होता. त्याचे घर पळून आलेल्यांसाठी उघडे होते.

१८३६ मध्ये राइट आपल्याच प्रिन्स्टनला माजी विद्यार्थ्यांच्या एका सभेला गेला. तिथे एका गोऱ्या तरुणाने त्याला शिवी देत कॉलर धरून बाहेर ओढले आणि लाथा मारल्या. सभागृह प्रार्थनेचे होते. मार खाणारा त्याच संस्थेचा पदवीधर, दीक्षा घेतलेला धर्मगुरू. पदवीने वर्ण पुसला नाही. राइटने पुढे एक मुद्दा सतत मांडला: गुलामगिरीला विरोध करणाऱ्या गोऱ्यांनी आधी स्वतःच्या मनातला वर्णद्वेष उपटून काढावा, कारण गुलामगिरी कायद्याने जाईल, पण हा द्वेष राहिला तर काळा माणूस स्वतंत्र होऊनही माणूस ठरणार नाही. आपल्याकडच्या पुरोगाम्यांना हे वाक्य आजही लागू आहे.

पेनिंग्टन : डॉक्टरेट मिळालेला गुलाम

आता मुख्य माणसाकडे येऊ. जेम्स पेनिंग्टन मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मला. मूळ नाव जेम्स पेंब्रोक. दगडकाम आणि लोहारकाम शिकलेला. १८२७ मध्ये वयाच्या विशीत तो पळाला. पेन्सिल्वेनियात एका क्वेकर कुटुंबाने त्याला आसरा दिला, तिथे तो लिहायला-वाचायला शिकला. म्हणजे विशीतला लोहार अक्षर गिरवायला बसला.

काही वर्षांत तो न्यूयॉर्कजवळ शाळेत शिकवू लागला आणि मग पाळक होण्याची इच्छा घेऊन येल विद्यापीठात गेला. येलने काय केले? त्याचे नाव पटावर घेतले नाही. वर्गात बसू दिले, पण बोलायची, प्रश्न विचारायची मनाई. ग्रंथालयातून पुस्तक घ्यायची मनाई. अशा अवस्थेत त्याने १८३४ ते १८३६ अशी दोन वर्षे काढली. भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता, हे ज्यांना माहीत आहे त्यांना येलचा तो वर्ग वेगळा समजावून सांगायची गरज नाही. येलला आपली चूक दुरुस्त करायला १८७ वर्षे लागली. २०२३ मध्ये त्यांनी पेनिंग्टनला मरणोत्तर पदवी दिली.

पेनिंग्टन थांबला नाही. १८३८ मध्ये न्यूयॉर्कला नुकत्याच पळून आलेल्या एका तरुणाचे लग्न त्याने लावले. तो तरुण म्हणजे फ्रेडरिक डग्लस. १८४१ मध्ये पेनिंग्टनने काळ्या लोकांचा इतिहास सांगणारे पाठ्यपुस्तक लिहिले. हार्टफर्डमध्ये पाळक असताना तो १८४३ मध्ये लंडनच्या गुलामगिरीविरोधी परिषदेला गेला. १८४९ मध्ये जर्मनीच्या हायडेलबर्ग विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. आपल्या गुलामीची आणि पलायनाची कहाणी त्याने त्याच वर्षी पुस्तकरूपाने छापली.

पण या सगळ्या काळात एक गुपित त्याच्या छातीवर दगडासारखे होते. कायद्याने तो अजूनही मेरीलँडच्या मालकाची मालमत्ता होता. अनेक वर्षे त्याने हे आपल्या बायकोलाही सांगितले नव्हते. शहरात खोली मिळावी म्हणून आडनाव लपवणाऱ्या आपल्या माणसांना ही भीती कळेल. १८५० मध्ये फरारी गुलामांना पकडून देण्याचा कडक कायदा आला तेव्हा पेनिंग्टन परदेशात होता आणि परतणे अशक्य झाले. शेवटी हार्टफर्डचा वकील जॉन हूकर याने १८५१ मध्ये मालकाच्या वारसांकडून त्याला १५० डॉलरला विकत घेतले आणि मुक्त केले. हूकरने नंतर लिहून ठेवले की मुक्तिपत्रावर सही करण्याआधी तो एक दिवस थांबला होता. ईश्वरशास्त्राच्या एका डॉक्टरचे आपण मालक आहोत, ही विचित्र गोष्ट त्याला अनुभवायची होती. हूकर मित्रच होता. पण व्यवस्था अशी की मित्रालाही आधी मालक व्हावे लागले.

मॉडरेटर आणि ट्राम

राइटच्या मृत्यूनंतर त्याची मंडळी पेनिंग्टनकडे आली. ती आता शायलो प्रेसबिटेरियन चर्च या नावाने ओळखली जात होती. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या तिसऱ्या प्रेसबिटरीने पेनिंग्टनला मॉडरेटर म्हणून निवडले. गोऱ्या पाळकांच्या सभेत अध्यक्षस्थानी एक काळा माणूस, तोही कालपर्यंत कायद्याने गुलाम असलेला. ही साधी गोष्ट नव्हती आणि त्यांना मत देणाऱ्यांत प्रामाणिक लोकही होते, हे मान्य केले पाहिजे.

पण त्याच वर्षांत काय घडत होते ते बघा.

मे १८५४. पेनिंग्टनचा सख्खा भाऊ स्टीफन आपल्या दोन मुलांसह मेरीलँडहून पळून न्यूयॉर्कला आला. मालकाची माणसे मागावर होती. तिघेही पकडले गेले, घाईघाईने सुनावणी उरकली आणि तिघांना परत पाठवण्यात आले. न्यूयॉर्कचा एवढा नामांकित धर्मगुरू, डॉक्टर पेनिंग्टन, स्वतःच्या भावाला वाचवू शकला नाही. नंतर वर्गणी गोळा करून भावाला विकत घेऊन सोडवले. मुलांना मात्र मालकाने विकून टाकले होते. भावाच्या सुटकेसाठी पैसे मागत फिरणारा मॉडरेटर! खुर्चीची किंमत इथे कळते.

त्याच वर्षी जुलैमध्ये एलिझाबेथ जेनिंग्ज ही काळी शिक्षिका रविवारी चर्चला निघाली होती. ऑर्गन वाजवायचे काम तिचे. ट्राममधून तिला ओढून खाली टाकले. तिने खटला भरला आणि १८५५ मध्ये तो जिंकला. तिचा वकील चेस्टर आर्थर पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. या विजयानंतर पेनिंग्टनने आपल्या मंडळीला सांगितले की आता ट्राममध्ये बसा, अडवले तर कायदा आपल्या बाजूने आहे. तो स्वतः सहाव्या अव्हेन्यूच्या ट्राममध्ये बसला. त्यालाही खेचून बाहेर काढले. त्याने खटला भरला. ज्युरीने कंपनीच्या बाजूने कौल दिला.

इथे बाबासाहेबांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेले बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीसाठी गेले आणि पारशी वसतिगृहातून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हायडेलबर्गची डॉक्टरेट असो की कोलंबियाची पदवी, विषमतेचा रखवालदार दारात कागदपत्रे बघत नाही.

पेनिंग्टनने यातून जो धडा घेतला तो महत्त्वाचा आहे. तो प्रेसबिटरीच्या ठरावांवर विसंबून बसला नाही. त्याने लीगल राइट्स असोसिएशन उभी केली. स्वतःच्या समाजाच्या वर्गणीतून, स्वतःच्या समाजाच्या माणसांची, ट्राममधल्या भेदभावाविरुद्ध कोर्टात लढणारी संघटना. मॉडरेटरची खुर्ची त्याला गोऱ्यांच्या मतांनी मिळाली होती. संघटना त्याने आपल्या लोकांच्या बळावर बांधली. यातले कोणते जास्त टिकाऊ, याचा विचार आपण करायचा आहे.

चर्चने काय केले?

आता या चर्चचा हिशोब मांडू. १८१८ मध्ये प्रेसबिटेरियन जनरल असेंब्लीने गुलामगिरी हा मानवी हक्कांचा भंग आहे असा जोरदार ठराव केला. टाळ्या वाजवण्याआधी पुढचे ऐका. व्हर्जिनियाचा पाळक जॉर्ज बोर्न गुलाम बाळगणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर उघड टीका करत होता म्हणून त्याच्या प्रेसबिटरीने त्याला पदावरून काढले होते. त्याच वर्षी, त्याच असेंब्लीने ती शिक्षा कायम केली! ठराव समतेचा आणि शिक्षा समता मागणाऱ्याला.

१८३७ मध्ये हे चर्च दोन गटांत फुटले. त्यातल्या जुन्या गटाने १८४५ मध्ये सांगून टाकले की गुलाम बाळगणे हे चर्चच्या सहभागितेतून काढण्याचे कारण होऊ शकत नाही. १८६१ मध्ये दक्षिणेच्या मंडळ्यांनी आपले वेगळे चर्च केले आणि उत्तर-दक्षिण ही फाळणी मिटायला १९८३ साल उजाडावे लागले.

या कथेचा एक धागा थेट पुण्या-मुंबईपर्यंत येतो. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च निघाले. भारतातले सगळे स्कॉटिश मिशनरी, मुंबईचे जॉन विल्सन यांच्यासह, फ्री चर्चकडे गेले. विल्सन पुढे १८७० मध्ये त्या चर्चच्या जनरल असेंब्लीचे मॉडरेटर झाले. नव्या चर्चला पैसा हवा होता. त्यांनी अमेरिकेत माणसे पाठवली आणि दक्षिणेतल्या गुलाम बाळगणाऱ्या प्रेसबिटेरियन लोकांकडूनही देणग्या घेतल्या. १८४६ मध्ये फ्रेडरिक डग्लसने स्कॉटलंडभर सभा घेऊन 'पैसे परत पाठवा' अशी मोहीम चालवली. ते पैसे कधीही परत गेले नाहीत.

याच काळात, १८४१ ते १८४७, पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत एक माळ्याचा मुलगा शिकत होता. त्याचे नाव जोतीराव फुले. शूद्रातिशूद्रांना ज्ञानाची दारे बंद असताना या मिशनऱ्यांनी शाळा उघडल्या, हे ऋण जोतीरावांनी कधी नाकारले नाही आणि आपणही नाकारू नये. पण ज्या चर्चने इथे शूद्राच्या हातात पुस्तक दिले त्याच चर्चच्या तिजोरीत तिकडे गुलामांच्या घामाचा पैसा पडत होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिताना जोतीरावांनी ते पुस्तक अर्पण केले ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. चर्चच्या सभांना त्यांनी ते अर्पण केले नाही. जोतीराव मिशनऱ्यांचे मित्र राहिले, ख्रिस्ती झाले नाहीत आणि सत्यशोधक समाज स्वतःचा काढला.

राहायचे की निघायचे?

काळ्या ख्रिस्ती लोकांपुढे दुसरा मार्ग होता. फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन आणि त्याचे साथीदार मेथडिस्ट चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करत असताना त्यांना तिथून उठवले गेले. ते उठले आणि बाहेरच पडले. १७९४ मध्ये ॲलनने स्वतःची मंडळी काढली आणि १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला. स्वतःचे बिशप, स्वतःची मालमत्ता, स्वतःचा निर्णय. काळी जनता मोठ्या संख्येने मेथडिस्ट आणि बाप्टिस्ट मंडळ्यांत गेली. प्रेसबिटेरियन काळे पाळक विद्वान होते, पण त्यांच्यामागे लोक थोडे होते.

मग राहिलेले चुकले का? इतके सोपे उत्तर देता येणार नाही. हेन्री हायलँड गार्नेट बघा. गुलामीत जन्मलेला, नऊ वर्षांचा असताना कुटुंबासह पळालेला. १८३५ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या ज्या शाळेत तो शिकायला गेला, ती शाळा गोऱ्या शेतकऱ्यांनी बैलजोड्या लावून जागेवरून ओढून काढली. हाच गार्नेट प्रेसबिटेरियन पाळक झाला आणि १८४३ मध्ये बफेलोच्या परिषदेत त्याने गुलामांना थेट प्रतिकाराची हाक दिली. परिषदेने ते भाषण एका मताने नाकारले. विरोध करणाऱ्यांत डग्लसही होता. पुढे तो शायलो चर्चचा पाळक झाला. १८६३ च्या न्यूयॉर्क दंगलीत जमाव त्याला शोधत आला तेव्हा त्याच्या मुलीने कुऱ्हाडीने दारावरची नावाची पाटी तोडली म्हणून घर वाचले. आणि १२ फेब्रुवारी १८६५ रोजी, गुलामगिरी संपवणारी घटनादुरुस्ती मंजूर झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत, अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या सभागृहात प्रवचन देणारा पहिला काळा माणूस ठरला तो गार्नेट.

गोऱ्यांच्या चर्चमध्ये राहूनही हे लोक मिंधे झाले नाहीत. कारण त्यांचे खरे 'पाचारण' त्यांनी प्रेसबिटरीकडून घेतले नव्हते, ते आपल्या लोकांकडून घेतले होते. वृत्तपत्र, दक्षता समिती, शाळा, कोर्टातली संघटना ही सगळी साधने त्यांनी चर्चच्या बाहेर, स्वतःची उभी केली. चर्चने त्यांना व्यासपीठ आणि विद्या दिली. मुक्तीचे काम मात्र त्यांनी स्वतःच्या संस्थांतून केले.

बाबासाहेबांनी काढलेला निष्कर्ष

बाबासाहेबांनी या प्रश्नाचा दोन्ही बाजूंनी विचार केला होता. अमेरिकेतली गुलामगिरी आणि इथली अस्पृश्यता यांची तुलना त्यांनी आपल्या लेखनात केली. १९४६ मध्ये त्यांनी काळ्या चळवळीचे नेते डू बॉइस यांना पत्र लिहिले. भारतात ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवरही त्यांनी सविस्तर लिहिले आहे. धर्मांतरानंतरही जात शिल्लक राहिली आणि हा समाज अन्यायाविरुद्धच्या चळवळीपासून दूर राहिला, ही त्यांची त्यातली मोठी तक्रार. काळाराम मंदिराच्या दारात पाच वर्षे लढून त्यांनी बघितले की दार उघडले तरी घर आपले होत नाही. म्हणून १९५६ मध्ये त्यांनी आपल्याला दुसऱ्याच्या घरातली खुर्ची दिली नाही, आपले घर दिले.

पुणे कराराचा मुद्दाही हाच होता. दुसऱ्यांच्या मतांवर निवडून आलेला आपला प्रतिनिधी किती बोलू शकतो? पेनिंग्टन गोऱ्यांच्या मतांनी मॉडरेटर होता, पण तो गप्प बसला नाही, कारण त्याच्या पाठीशी शायलोची मंडळी होती. आपले आजचे किती आमदार-खासदार, किती अधिकारी, किती प्राध्यापक असे सांगू शकतात?

बंधू-भगिनींनो, खुर्ची नाकारा असे कोणी म्हणत नाही. खुर्ची घ्या, ती आपल्या हक्काची आहे. पण कुणी तुमच्या खुर्चीकडे बोट दाखवून विचारले की जात राहिली कुठे, तर त्याला डॉक्टर पेनिंग्टनचा भाऊ आणि ती ट्राम सांगा. आणि स्वतःला विचारा की खुर्चीवर बसल्यानंतर आपण आपल्या समाजासाठी कोणते वृत्तपत्र चालवले, कोणती संस्था बांधली, कुणाच्या खटल्यासाठी वर्गणी काढली. उत्तर रिकामे असेल तर ती खुर्ची आपल्या समाजाच्या काहीच कामाची नाही.

जय भीम! जय जोती!